चौदा महिने "लिव्हरचं पाणी" म्हणून काढलं, आणि कारण मानेत दिसत होतं: जलोदराची एक केस

तो खुर्चीत बसला तोच पाय फाकवून, पोट दोन्ही मांड्यांच्या मधे सोडून. वय ४६, वायरिंगची कामं करणारा, गेले आठ महिने शिडी बंद. बायकोच्या हातात जाडजूड फाईल, आणि फाईलच्या पहिल्याच पानावर कुणीतरी ठळक अक्षरात लिहिलेलं 'सिरॉसिस, असायटिस', त्याच्या खाली बारीक अक्षरात 'दारू?' असं प्रश्नचिन्हासकट. (ओळख पटेल असं सगळं यातून काढून टाकलंय.) १४ महिन्यांत ७ वेळा पोटातलं पाणी काढून झालेलं, दर वेळी दोनेक आठवडे बरं वाटायचं आणि मग पोट परत होतं तसं.

मी विचारायच्या आधीच बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आधीच सांगते, हे पीत नाहीत. कधीच नाही. सगळीकडे तेच विचारतात आणि नाही म्हटलं की हसतात." मी हसले नाही, पण खरं सांगायचं तर केसपेपरवर पहिल्या दिवशी मीही 'डिकॉम्पेन्सेटेड सिरॉसिस', म्हणजे हात टेकलेलं लिव्हर, असंच लिहून टाकलं, कारण फाईल तसं म्हणत होती आणि ओपीडीत बाहेर पन्नास माणसं उभी होती. माझी चूक इथून सुरू होते म्हणून आधीच कबूल करते.

पोटात पाणी साठणं म्हणजे जलोदर, असायटिस, यात लिव्हरचा सिरॉसिस (लिव्हरमध्ये तंतू जमून ते कडक होणं) हे सगळ्यात मोठं कारण आहे यात वादच नाही. पाश्चात्त्य देशांतले आकडे बघितले तर दहातले आठ पेशंट सिरॉसिसचे, मग कॅन्सर, मग हार्ट, टीबी, किडनी, स्वादुपिंड वगैरे उरलेल्या दोनात. जिथे टीबी जास्त आहे तिथे टीबीचा वाटा अर्थातच वाढतो. म्हणजे डोळे मिटून 'लिव्हर' म्हटलं तरी बहुतेक वेळा बरोबर येतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे, कारण सवय लागते.

त्याला अ‍ॅडमिट केलं. संध्याकाळी राउंडला ज्युनिअरने केस सांगितली. पोट टम्म, बेंबी बाहेर आलेली, कुशीवर वळवलं की ठोक्याचा आवाज बदलतो (हे 'शिफ्टिंग डलनेस' साधारण दीड लिटर पाणी असल्याशिवाय कळत नाही, सोनोग्राफीत मात्र १०० मिली सुद्धा दिसतं, त्यामुळे नुसत्या हाताने तपासून 'पाणी नाही' असं छातीठोक सांगू नये). पायाला सूज आहे पण घोट्यापुरती. डोळे पिवळे नाहीत. छातीवर त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा नाहीत, तळवे लाल नाहीत. एवढं सांगून तो म्हणाला, "मॅडम, क्लिअर सिरॉसिस."

मी म्हटलं, अरे, तू आत्ताच मला सिरॉसिसच्या विरुद्ध चार गोष्टी सांगितल्यास की.

आणि मग त्याला विचारलं जेव्हीपी किती. जेव्हीपी म्हणजे मानेतल्या शिरेत दिसणारी रक्ताची पातळी, हृदयाच्या उजव्या बाजूचं प्रेशर त्यावरून कळतं. तो म्हणाला, ४५ अंशावर बघितलं, दिसत नाही, म्हणजे नॉर्मल. हा सापळा मी बऱ्याच जणांना लागलेला बघितलाय, मी स्वतःही त्यात पडलेय. प्रेशर खूपच जास्त असेल तर ४५ अंशावर शीर अख्खी भरलेली असते, कानाच्या मागेपर्यंत, पातळीचं वरचं टोक कवटीच्या मागे जातं, मग हलणारं काहीच दिसत नाही आणि आपण 'नाही' असं लिहून मोकळे. पेशंटला पलंगावर सरळ ताठ बसवलं, पाय खाली सोडले, खोलीतला दिवा बाजूने मारला, आणि मग कानाच्या पाळीच्या खाली दोन बोटांवर शीर उडताना दिसली, उडत नव्हती खरं तर, आत पडत होती, दर ठोक्याला झटकन आत ओढल्यासारखी. मग त्याला खोल श्वास घ्यायला सांगितला. श्वास घेतला की ही पातळी खाली जायला हवी. त्याची वर चढली. ज्युनिअर काही बोलला नाही, वाकून परत बघितलं, परत श्वास घ्यायला लावला. याला कुसमॉल साइन म्हणतात. एवढं दिसल्यावर फाईलचं पहिलं पान माझ्या दृष्टीने निकालात निघालं, पण पुरावा गोळा करायचा होता.

पहिला पुरावा पोटातच. नव्याने पाणी झालेल्या प्रत्येक पेशंटचं पाणी सुईने काढून तपासायचं, आणि आधीपासून असायटिस असलेला पेशंट कुठल्याही कारणाने अ‍ॅडमिट झाला तरी परत तपासायचं, हा नियम आहे आणि तो पाळला जात नाही. पाणी 'काढलं' जातं, 'तपासलं' जात नाही. ७ टॅपपैकी (टॅप म्हणजे सुईने पाणी काढणं) रिपोर्ट फाईलमध्ये फक्त दोनच होते. एकात नुसत्या पेशी. दुसऱ्यात, एका मळलेल्या फोटोकॉपीवर, प्रोटीन ३.९ असं छापलेलं, वर चहाच्या कपासारखा गोल डाग. नऊ महिन्यांपूर्वीची तारीख. कुणी त्याखाली रेघ सुद्धा ओढली नव्हती.

टॅप कशी करतात ते थोडं सांगते कारण नातेवाईक याला फार घाबरतात. पोटाच्या डाव्या बाजूला खाली, कंबरेचं पुढचं हाड लागतं त्याच्या दोन बोटं वर आणि दोन बोटं आत, सोनोग्राफीने जागा बघून, भूल देऊन, त्वचा जरा खाली ओढून धरायची आणि सुई आत घालायची म्हणजे नंतर त्वचा सोडली की वरचं आणि आतलं भोक एका रेषेत राहत नाही. असं केलं नाही की गळत राहतं. याच्या आधीच्या एका टॅपनंतर चार दिवस कपडे ओले होत होते असं बाईंनी सांगितलं ते बहुधा यामुळेच. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढलाय म्हणून आधी प्लाझ्मा चढवा, प्लेटलेट चढवा, हे करायची गरज नसते, मोठा रक्तस्राव हजारात एखाद्याला होतो इतका तो कमी आहे. पाण्याचे दहा मिली तिथेच, पलंगाशेजारी, कल्चरच्या बाटलीत घालायचे, लॅबमध्ये पाठवून नंतर घातले तर जंतू सापडायचं प्रमाण खूप घटतं.

पाणी आलं ते स्वच्छ, पेंढ्याच्या रंगाचं. दुधासारखं असतं तर लिम्फचा विचार केला असता, रक्तासारखं असतं तर कॅन्सर किंवा सुई लागली का हे बघितलं असतं. त्याच दिवशीचं रक्त पण पाठवलं, हे महत्त्वाचं, कारण पुढचं सगळं गणित एकाच दिवसाच्या दोन आकड्यांवर आहे.

रक्तातलं अल्ब्युमिन ३.४, पाण्यातलं १.९. वजाबाकी १.५. याला 'साग' म्हणतात, आणि एवढ्या साध्या वजाबाकीत एवढी माहिती मिळणारी दुसरी टेस्ट मला तरी माहीत नाही. १.१ किंवा जास्त आली तर पाणी पोर्टल शिरेच्या (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) प्रेशरमुळे, कमी आली तर प्रेशरचा संबंध नाही, मग पोटाच्या पडद्याचा टीबी, कॅन्सर, नेफ्रोटिक (लघवीतून प्रोटीन जाणारा किडनीचा आजार), स्वादुपिंड तिकडे जायचं. पूर्वी नुसत्या प्रोटीनवरून ट्रान्सुडेट (कमी प्रोटीनचं) आणि एक्झुडेट (जास्त प्रोटीनचं) अशी विभागणी करायचे. १९९२ मध्ये रनियन आणि सहकाऱ्यांनी रक्त आणि पाण्याच्या ९०१ जोड्या तपासून दाखवलं की साग जवळपास ९७ टक्के वेळा बरोबर सांगतो आणि जुनी विभागणी ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा थोडीशीच बरी. तरी अजून कितीतरी रिपोर्टवर 'ट्रान्सुडेट' लिहून येतं, असो.

पण मग प्रोटीन बघायचंच नाही का? बघायचं, सागच्या नंतर. आणि इथेच या केसची गंमत आहे. साग जास्त आणि पाण्यातलं प्रोटीन अडीचपेक्षा कमी म्हणजे बहुधा सिरॉसिस. साग जास्त आणि प्रोटीन अडीचपेक्षा जास्त म्हणजे अडथळा लिव्हरच्या पुढे आहे, हृदयात, किंवा लिव्हरमधून निघणाऱ्या शिरांमध्ये. त्याचं प्रोटीन ४.१.

हे असं का होतं ते कळलं की पाठ करायला लागत नाही. लिव्हरच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या, सायनुसॉइड, यांच्या भिंती मुळातच चाळणीसारख्या असतात, प्रोटीन त्यातून आरामात जातं. हृदयाकडून प्रेशर मागे आलं की त्या चाळणीतून प्रोटीनयुक्त पाणी झिरपतं आणि लिव्हरच्या पृष्ठभागावरून पोटात उतरतं. सिरॉसिसमध्ये त्या चाळणीची भोकं बुजतात, तंतू जमतात, म्हणून पाणी येतं पण प्रोटीन मागेच अडतं. म्हणजे ४.१ हा आकडा सांगत होता की चाळणी अजून शाबूत आहे, लिव्हर प्रेशरखाली गुदमरलंय पण मुळात रोगी तेच नाही. नऊ महिन्यांपूर्वीचा ३.९ पण तेच सांगत होता.

पाण्याच्या बाकीच्या तपासणीत पेशी १८०, बहुतेक लिम्फोसाइट, न्यूट्रोफिल नाममात्र (२५० किंवा जास्त असते तर इन्फेक्शन धरून लगेच अँटिबायोटिक), एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) १४ म्हणजे टीबीच्या बाजूचा नाही, कॅन्सरच्या पेशी नाहीत. रक्तात हेपॅटायटिस बी, सी दोन्ही निगेटिव्ह, बिलिरुबिन १.७, एसजीओटी-एसजीपीटी जवळपास नॉर्मल, अल्कलाइन फॉस्फेटेज थोडा चढलेला, लघवीत प्रोटीन नाही. आणि प्लेटलेट २ लाख १० हजार. पोर्टल प्रेशरमुळे टम्म पोट झालेल्या सिरॉसिसच्या माणसाच्या प्लेटलेट एवढ्या छान सहसा नसतात. जुनी एंडोस्कोपी काढून बघितली, 'अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा नाहीत'. प्लीहा नॉर्मल. सगळे पुरावे फाईलमध्येच बसलेले होते, एकमेकांशी कुणी बोलू दिलं नव्हतं.

मग सिरॉसिसचं निदान केलं कशावरून? दोन गोष्टींवरून. सोनोग्राफीवर 'लिव्हर खरखरीत' असं वाक्य, आणि फायब्रोस्कॅन (लहर सोडून लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) ४१. आता पोटात पाणी असताना तो फायब्रोस्कॅन भरवशाचा राहतच नाही, मधे पाण्याचा थर आला की लहर नीट जात नाही, आणि समजा आकडा आला तरी रक्त तुंबलेलं लिव्हर कडक लागतंच, फुगवलेल्या फुग्यासारखं, तो कडकपणा तंतूंचा आहे की तुंबलेल्या रक्ताचा हे मशीनला कळत नाही. ४१ आकडा बघून लोक थांबतात. मी पण थांबले असते कदाचित, मान बघितली नसती तर.

आमची सोनोग्राफी परत केली, डॉपलरसकट, रेडिओलॉजिस्टला फोन करून नेमकं विचारलं की लिव्हरच्या शिरा बंद आहेत का उघड्या. कारण बड-कियारी नावाच्या आजारात त्या शिरांमध्ये गुठळी होते आणि चित्र सारखंच दिसू शकतं. उत्तर आलं, उघड्या, आणि नुसत्या उघड्या नाहीत, फुगलेल्या, खालच्या अंगाचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर २७ मिमी आणि श्वासाबरोबर हलत सुद्धा नाही. म्हणजे अडथळा अजून वर. हृदय.

पण इको (हृदयाची सोनोग्राफी) तर नॉर्मल होता! फाईलमध्ये होता, पंपिंग ६० टक्के, 'नॉर्मल स्टडी'. ज्युनिअरने तोच दाखवला. इथे मला सांगायचंय ते हे, की पंपिंग नॉर्मल म्हणजे हृदय नॉर्मल असं नसतं. पंप आकुंचन पावतोय छान, पण भरत नसेल तर? हृदयाभोवतीची पिशवी, पेरिकार्डियम, जाड आणि कडक होऊन चिलखतासारखी बसली तर हृदय ठरावीक मापापुढे फुलूच शकत नाही, रक्त मागे तुंबतं, आधी मानेत, मग लिव्हरमध्ये, मग पोटात. याला कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस म्हणतात. यात पायाच्या मानाने पोट जास्त आणि आधी फुगतं, साध्या हार्ट फेल्युअरमध्ये बहुधा उलटं. १८९६ साली फ्रिडेल पिक या डॉक्टरने याला 'पेरिकार्डियममुळे होणारा खोटा सिरॉसिस' असंच नाव दिलं होतं, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुना सापळा आहे हा.

एनटी-प्रोबीएनपी ३१० आला, किंचित वाढलेला. हा आकडा पण बोलका आहे, हृदयाचा स्नायू ताणला गेला की हे रसायन सुटतं, कमकुवत हृदयामुळे एवढं पोट भरलेलं असेल तर हजारोंत असतं, इथे हृदयाला ताणायलाच जागा नाही म्हणून कमी.

रात्री परत हिस्टरी घ्यायला बसले. या वेळी 'पोटाआधी काय काय झालं होतं' एवढाच प्रश्न. बराच वेळ 'काही नाही, काही नाही' आणि मग सहज म्हणाला, अकरा वर्षांपूर्वी छातीत पाणी झालं होतं, सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, पूर्ण कोर्स केला. हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाला, "पोटाचा त्रास होता ना डॉक्टर, छातीचं कशाला सांगू." बरोबरच आहे त्याचं. विचारायचं काम आमचं.

इको परत केला, पण या वेळी चिठ्ठीवर 'इको करा' असं नाही तर 'कन्स्ट्रिक्शन आहे का' असं लिहून. फरक पडतो. हृदयाच्या दोन बाजूंमधला पडदा श्वासाबरोबर थरथरत इकडेतिकडे ढकलला जातोय, झडपेच्या आतल्या बाजूचा वेग बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त (१४ आणि १०, नॉर्मल माणसात उलटं असतं), श्वास सोडताना लिव्हरच्या शिरेत रक्त उलटं फिरतंय. सीटीवर पेरिकार्डियम ७ मिमी जाड, एरवी दोनच्या आत असतं, आणि खालच्या बाजूला, डायफ्रामला (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा) टेकतं तिथे, कॅल्शियमची पांढरी कड. सीटीवर जाडी नॉर्मल दिसली म्हणून कन्स्ट्रिक्शन नाही असं समजू नका बरं का, ऑपरेशनने सिद्ध झालेल्या पेशंटमध्ये सुद्धा १८ टक्क्यांच्या आसपास लोकांची जाडी नॉर्मल निघालीये. याचं नशिबाने स्पष्ट होतं. शेवटी कॅथ केली, म्हणजे शिरेतून हृदयात नळी घालून प्रेशर मोजलं, हृदयाच्या चारही कप्प्यांत विश्रांतीच्या वेळी प्रेशर सारखंच, २२ ते २४ च्या मधे, आणि श्वास घेताना डाव्या कप्प्याचं प्रेशर घटतंय तेव्हा उजव्याचं वाढतंय, दोन भाऊ एकाच छोट्या खोलीत राहतायत, एकाने पाय पसरले की दुसऱ्याने आखडायचे.

आता उपचार. आणि इथे चुकीच्या लेबलचं खरं नुकसान दिसतं.

त्याला प्रोप्रानोलॉल चालू होतं, सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुटू नयेत म्हणून देतात ते (शिरा नव्हत्याच, पण 'सिरॉसिस आहे ना' म्हणून). नाडी ५६. ज्या हृदयात दर ठोक्याला ठरावीकच रक्त मावतं त्याला रक्तपुरवठा वाढवायचा एकच रस्ता उरतो, ठोके वाढवणं, आणि आपण औषध देऊन तोच बंद केलेला. 'हात वर केला तरी दम लागतो' ही त्याची तक्रार वर्षभर लिव्हरच्या खात्यात जमा होत होती. डोस उतरवत चार-पाच दिवसांत बंद केलं, नाडी ९० वर आली, आणि पाचव्या दिवशी तो स्वतः चालत एक्स-रेला गेला. अजून ऑपरेशन नाही, पाणी पूर्ण निघालेलं नाही, नुसती एक गोळी काढली.

लघवीच्या गोळ्या पण जोरात चालू होत्या, स्पायरोनोलॅक्टोन २०० आणि फ्युरोसेमाइड ८०. सोडियम १२८, पोटॅशियम ५.४, क्रिएटिनिन १.६, छातीची बोंडं दुखतात (स्पायरोनोलॅक्टोनमुळे पुरुषांना होतं हे, लाजून सांगत नाहीत). स्पायरोनोलॅक्टोन थांबवलं, फ्युरोसेमाइड निम्मं केलं. कन्स्ट्रिक्शनमध्ये पाणी फार कोरडं केलं तर आधीच कसंबसं भरणारं हृदय आणखी रिकामं राहतं आणि किडनी बसते. टॅप करून पाणी किती काढायचं यावर आमच्यात वाद झाला, एक म्हणे आठ लिटर काढून मोकळं करू आणि अल्ब्युमिन देऊ, मी म्हटलं अल्ब्युमिनचा सगळा पुरावा सिरॉसिसमधला आहे, हा सिरॉसिस नाही, बीपी १००, कशाला हात दाखवून अवलक्षण. चारच लिटर हळूहळू काढलं, झोपता येईल इतपत.

आता समजा तो खरंच सिरॉसिस असता तर काय केलं असतं, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात तोच असेल. मूळ कारण आधी, दारू असेल तर पूर्ण बंद, हेपॅटायटिस असेल तर त्याचं औषध. मग मीठ, दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक सपाट चमचा, त्यात पाकिटबंद पदार्थातलं सुद्धा आलं. पाणी पिणं मात्र कमी करायचं नाही, सोडियम १२५ च्या खाली जाईपर्यंत, लोक मीठ तसंच ठेवतात आणि बिचाऱ्याला घोटभर पाण्यासाठी तरसवतात, अगदी उलटं. गोळ्या स्पायरोनोलॅक्टोन १०० आणि फ्युरोसेमाइड ४० अशा सकाळी एकत्र, तीन ते पाच दिवसांनी त्याच प्रमाणात वाढवत जास्तीत जास्त ४०० आणि १६०. रोज सकाळी वजन करायचं, पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरू नये, सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. पेनकिलर, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही मंडळी अजिबात नाही, किडनी जाते आणि गोळ्या लागू पडत नाहीत. प्रोटीन कमी करायचं नाही, उलट किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम हवं, या पेशंटांचे दंड बघा, पोट मोठं आणि हात काड्या, आणि रात्री झोपताना काहीतरी खायला द्यायचं म्हणजे रात्रभर शरीर स्वतःचे स्नायू खात नाही. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून. गोळ्या फुल डोसला पोचूनही पाणी हटत नसेल किंवा डोस वाढवला की किडनी-सोडियम बिघडत असेल तर तो रिफ्रॅक्टरी असायटिस, मग परत परत टॅप, निवडक पेशंटना टिप्स नावाची शिरेतली जाळी, आणि खरा इलाज लिव्हर ट्रान्सप्लांट. ट्रान्सप्लांटचं बोलणं पहिल्यांदा पाणी झालं तेव्हाच सुरू करावं असं माझं मत, रिफ्रॅक्टरी व्हायची वाट बघू नये.

आणि एक गोष्ट जी घरच्यांनी लक्षात ठेवायची, असायटिसच्या सिरॉसिस पेशंटला ताप, पोटदुखी, किंवा नुसतं अचानक असंबद्ध बोलणं, झोपाळूपणा, किंवा लघवी कमी, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी पाणी तपासायला हवं. पाण्यात जंतू होतात, एसबीपी म्हणतात, पोट दुखेलच असं नाही. न्यूट्रोफिल २५० निघाले तर कल्चरची वाट न बघता सेफोटॅक्सिमसारखं अँटिबायोटिक (जिथे रेझिस्टन्स जास्त तिथे वेगळं), आणि सोबत अल्ब्युमिन, पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. १९९९ च्या अभ्यासात एवढ्यानेच किडनी बिघडायचं प्रमाण ३३ वरून १० टक्क्यांवर आणि हॉस्पिटलमधले मृत्यू २९ वरून १० टक्क्यांवर आले होते. पाण्यात प्रोटीन कमी असेल तर हा धोका जास्त, कारण जंतूंशी लढणारी प्रथिनंही कमी. आमच्या माणसाचं ४.१ इथे त्याच्या कामाला आलं, सात वेळा टोचूनही एकदाही इन्फेक्शन नाही.

परत त्याच्याकडे. सीआरपी (सूज असली की रक्तात वाढतं ते) नॉर्मल होतं, म्हणजे पेरिकार्डियमची सूज ताजी नाही. ताजी असती तर दोन-तीन महिने सूज उतरवणारी औषधं देऊन बघता आली असती, कधी कधी कन्स्ट्रिक्शन त्यानेच सुटतं. इथे कॅल्शियम जमलेलं, गोळीने विरघळणार नाही. ऑपरेशन, पेरिकार्डिएक्टॉमी. सर्जनने घरच्यांना बसवून स्पष्ट सांगितलं की अनुभवी हातात सुद्धा शंभरात पाच ते दहा जण दगावतात, आणि जितका उशीर तितकं वाईट. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि आधी कळलं असतं तर?" सर्जनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, धोका कदाचित कमी असता. खोटं काय सांगणार.

पाच तास लागले. पुढची आणि खालची पिशवी, डायफ्रामकडच्या नसा सांभाळत, शक्य तितकी पूर्ण काढली, खालची कॅल्शियमची पट्टी अंड्याच्या कवचासारखी तुकड्या-तुकड्यांनी निघाली. अर्धवट काढली तर परत तेच होतं. टेबलावरच मानेतल्या शिरेचं प्रेशर २३ वरून ११ वर आलं. मग तीन दिवस हृदयाला जोर देणारं औषध लागलं, इतकी वर्षं जखडलेला स्नायू एकदम मोकळा झाला की गोंधळतो, दुसऱ्या रात्री बीपी ८० ला आलं तेव्हा आम्ही सगळेच जागे होतो. पिशवीच्या तुकड्यात जुने तंतू आणि कॅल्शियम, टीबीचा जिवंत पुरावा नाही, त्यामुळे टीबीची औषधं परत दिली नाहीत. तीन आठवड्यांत ११ किलो वजन उतरलं, सगळं लघवीवाटे, एकही टॅप न करता.

आता सात महिने झालेत. सोनोग्राफीत पाणी नाही, क्रिएटिनिन १.१, फ्युरोसेमाइड २० चालू आहे, ते बंद करून बघायचंय. फायब्रोस्कॅन, या वेळी पाणी नसताना केलेला, १५. म्हणजे ४१ मधलं बरंचसं तुंबलेलं रक्तच होतं, पण सगळं नाही, इतके महिने तुंबून लिव्हरमध्ये थोडे तंतू खरोखरच जमलेत, ते किती मागे फिरतील ते बघावं लागेल, तोवर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. शिडीवर चढायला लागलाय, मी नको म्हटलं होतं.

मागच्या वेळी बाईंनी जुनी फाईल परत आणली होती. पहिलं पान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, हे 'दारू?' खोडून द्या. दुसऱ्याने लिहिलेलं मला खोडता येत नाही. खाली तारीख घालून लिहून दिलं, 'दारूचा इतिहास नाही, निदान कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस', सही केली. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पान वरच ठेवून फाईल बांधली.